नवोदितांसाठी ना-नफा साहित्यपत्रिका आणि कलासमूह: पुण्यात सुरुवात करणाऱ्यांसाठी

तुम्ही पाच-सहा मित्रमैत्रिणी आहात, त्यांपैकी दोघे चित्रकलेचे शिक्षण घेऊन बाहेर पडलेले आणि बाकीचे कथा-कविता लिहिणारे आहेत. कोथरूडमधल्या एका घरी तुमची दर महिन्याला वाचनाची बैठक होते. आता नवोदित लेखकांसाठी एक त्रैमासिक काढावे, त्याच्या जोडीला चित्रकार आणि लेखक यांचा एक समूह उभा करावा आणि हे सगळे नफ्याच्या हेतूविना चालवावे, असा तुमचा विचार आहे. संस्था आधी नोंदवावी की अंक आधी काढावा, पैसा कोठून आणावा, साहित्य कसे निवडावे आणि चित्रकारांचे स्थान काय असावे, असे चार प्रश्न तुम्ही मला पत्रातून विचारले आहेत. संपादन आणि संस्थेची कागदपत्रे ही दोन्ही कामे मी बरीच वर्षे केली आहेत. त्या अनुभवावरून मी साहित्य निवडीचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी तिन्हींची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

नवोदिताला छापील पानावर आपले नाव हवे असते हे खरे, पण त्याच्या लेखनाला उपयोग होतो तो कोणीतरी ते नीट वाचून त्याला उत्तर देण्याचा. ‘सत्यकथा’ हे वाङ्मयीन मासिक १९८२ मध्ये बंद झाले, तरी त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांना लिहिलेल्या सविस्तर पत्रांची आठवण मराठीत आजही आदराने काढली जाते. कथा परत पाठवतानाही ती कोठे अडली आहे हे ते सांगत असत. त्याच काळात प्रस्थापित मासिकांत जागा न मिळणाऱ्यांनी, किंवा ती नको असणाऱ्यांनी, लघुअनियतकालिके, म्हणजे ठरावीक वेळापत्रक नसलेली छोटी मासिके, काढली. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी १९५४ मध्ये मुंबईत ‘शब्द’ सुरू केले ते सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढून, छापखान्याचा खर्च परवडत नसताना. तुम्हाला या दोन्ही परंपरांमधून घेण्यासारखे आहे. एकीकडून पत्र लिहिण्याची शिस्त घ्या आणि दुसरीकडून साधनांसाठी अडून न बसण्याची वृत्ती घ्या.

म्हणून तुमच्या पत्रिकेचा आकार, तिची वारंवारता आणि तिचा खर्च हे सगळे एका हिशोबावरून ठरवा: आपण किती जणांना मुदतीत आणि कारणासह उत्तर देऊ शकतो? समजा एका खेपेला तीनशे जणांनी साहित्य पाठवले, वाचणारे चौघे आहेत आणि प्रत्येक लेखन दोघांनी वाचायचे आहे, तर प्रत्येकाच्या वाट्याला दीडशे लेखने येतात. नोकरी सांभाळून दीडशे कथा-कविता वाचणे आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना चार ओळी लिहिणे हे तीन महिन्यांतून एकदा जमणार नाही. त्रैमासिकाचा हट्ट सोडा. वर्षाला दोन अंक काढा, साहित्य वर्षातून दोनदाच, ठरावीक महिनाभर स्वीकारा आणि दोन महिन्यांत उत्तर देऊ असे निवेदनात स्पष्ट लिहा. ते वचन पाळणे हीच पहिली दोन वर्षे तुमची ओळख असू द्या.

वाचन नावे झाकून व्हावे. पुण्यासारख्या शहरात, जेथे साहित्यवर्तुळातले बहुतेक लोक एकमेकांना ओळखतात, तेथे याला पर्याय नाही. एकाने नावे काढून क्रमांक द्यावेत आणि त्याने त्या खेपेला निवडीत भाग घेऊ नये. संपादक मंडळातल्या कोणाचेही लेखन स्वतःच्या अंकात छापायचे नाही हा नियम पहिल्याच बैठकीत करून ठेवा, कारण पुढे तो करताना कोणाचे तरी मन दुखावते.

उत्तर कसे असावे याचे एक उदाहरण देतो. हडपसर भागात कॉल सेंटरच्या रात्रपाळीत काम करणाऱ्या एका मुलीने लिहिलेली कथा आमच्याकडे आली होती. पहिले दीड पान शहर, पाऊस आणि एकटेपणा यांच्या वर्णनात गेले होते. त्यानंतर गाडीचा चालक एका वळणावर थांबतो आणि ‘यापुढे गाडी जाणार नाही’ असे सांगतो, तेथून कथेला जीव येत होता. आम्ही तिला लिहिले की कथा गाडी थांबते तेथून सुरू करून पाहा, आधीचे सगळे बाजूला ठेवा, आणि वाचताना जे हरवले असे खरोखर वाटेल तेवढेच परत आणा. पुढच्या खेपेला तीच कथा आली तेव्हा पावसाचे फक्त दोन परिच्छेद उरले होते, आणि तेही कथेच्या मध्यावर, कथेतली मुलगी अंधारात चालत असताना आले होते. ‘आपले लेखन चांगले आहे, पण अंकाच्या स्वरूपात बसत नाही’ या ठरीव वाक्याने तिला काहीच मिळाले नसते. प्रत्येकाला एवढे लिहिता येणार नाही हे मान्य आहे. परंतु ज्या लेखनात पुढे जाण्याची शक्यता दिसते त्याला एक नेमकी सूचना आणि ‘पुन्हा पाठवा’ हे शब्द गेलेच पाहिजेत.

संपादनाच्या नावाखाली भाषा धुऊन काढण्याचा मोह पुण्यात विशेष असतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. सदाशिव पेठ आणि नवी पेठ येथील अभ्यासिकांमध्ये मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली हजारो मुले-मुली राहतात, आणि त्यांच्यातले अनेक जण लिहितात. त्यांच्या कथेत पात्र ‘व्हतं’ म्हणत असेल तर ते ‘होतं’ करू नका. निवेदनही बोलीत असेल तर तेही तसेच ठेवा. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम प्रमाण भाषेतल्या ऱ्हस्व-दीर्घासाठी आणि अनुस्वारासाठी आहेत, बोलीची हजेरी घेण्यासाठी नाहीत. एखादा शब्द पुण्याच्या वाचकाला कळणार नाही असे वाटले तर लेखकाला विचारा, आणि तो म्हणाला की संदर्भाने कळेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवा. याच कारणाने बैठका नेहमी पेठांत किंवा कोथरूडमध्ये, संध्याकाळी सहाला ठेवू नका. चाकणला पाळीवर जाणाऱ्याला आणि येरवड्याहून दोन बस बदलून येणाऱ्या मुलीला ती वेळ जमत नाही. रविवारी सकाळी, कधी पिंपरीत, कधी हडपसरला बैठक घेतली की कोण लिहिते आहे याचे तुमचे चित्रच बदलेल.

‘नवोदित’ कोणाला म्हणायचे हे वयावरून ठरवू नका. पुस्तक न आलेला किंवा एकच पुस्तक आलेला, एवढी व्याख्या पुरेशी आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर पहिली कथा लिहिणारी बाई विशीतल्या मुलाइतकीच नवोदित असते, आणि वयाच्या अटीमुळे अशा बायकाच आधी वगळल्या जातात.

चित्रकारांचा प्रश्न मला तुमच्या पत्रात सर्वांत महत्त्वाचा वाटला. मराठी अंकांत चित्रकाराचे नाव बहुधा श्रेयनामावलीत ‘सजावट’ या शब्दापुढे येते, कथा आधी ठरते आणि तिच्या कडेला चित्र बसवले जाते. याला सन्माननीय अपवाद आहेत. दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला तेव्हा चित्रकार स्वतःच संपादक होता, आणि अंकाच्या रूपातच ते दिसत असे. तुमच्या मंडळातल्या दोन्ही चित्रकारांना निवडीत लेखकांइतकेच मत द्या आणि प्रत्येक अंकात चित्रांना स्वतंत्र पाने द्या, ज्यांना कोणत्याही कवितेचा आधार नसेल. लेखक आणि चित्रकार यांनी एकत्र काही करावे असे वाटत असेल, तर चित्र आधी आणि लेखन नंतर असा क्रमही करून पाहा. पुण्यातल्या मुलांना मिश्र कामाची सवय फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेमुळे महाविद्यालयातच लागलेली असते. तेथे रंगमंचावर चित्र, शिल्प, संगीत आणि नाट्य एकाच सादरीकरणात येतात. महाविद्यालय संपल्यावर मात्र त्यांना तशी जागा उरत नाही. तुमचा समूह ती जागा देऊ शकतो.

प्रदर्शनाबाबत थोडक्यात सांगतो. बालगंधर्व रंगमंदिराचे कलादालन, घोले रस्त्यावरचे राजा रविवर्मा कलादालन आणि शनिवार पेठेतले सुदर्शन कलादालन यांपैकी कोठेही जागा घ्यायची झाली तरी तारखेसाठी फार आधीपासून खटपट करावी लागते. चित्र ताब्यात घेताना त्याचा मोबाइलवर फोटो काढा, कोपरे आणि चौकट कशी आहे ते पावतीवर लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. विक्री झाली तर समूहाचा वाटा किती, हे चित्र भिंतीवर लागण्यापूर्वी कागदावर आलेले असावे.

येथे हक्कांचा मुद्दा येतो, आणि त्याकडे ना-नफा संस्था सर्वाधिक दुर्लक्ष करतात. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कथा किंवा कविता लिहिणारा तिच्या हक्काचा पहिला मालक असतो आणि ते हक्क दुसऱ्याला देणे लेखी असल्याशिवाय वैध ठरत नाही. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत, असे कायदाच गृहीत धरतो. चित्रकारासाठी मात्र एक खाच आहे. मोबदला देऊन कोणी चित्र काढून घेतले आणि उलट करार नसेल, तर ते काढून घेणाराच पहिला मालक मानला जातो. म्हणजे मुखपृष्ठासाठी तुम्ही मानधन दिले आणि कागद केला नाही, तर चित्रकार नकळत आपला हक्क गमावतो. म्हणून एक पानाचे पत्र तयार करा: हक्क लेखकाकडे किंवा चित्रकाराकडेच राहतील, पत्रिकेला फक्त पहिल्यांदा छापण्याचा आणि अंक संकेतस्थळावर ठेवण्याचा परवाना असेल, अनुवाद, ध्वनिरूप आणि पुस्तकरूप यांसाठी पुन्हा विचारले जाईल. सोप्या मराठीत लिहिलेले हे पत्र नवोदिताला त्याच्या आयुष्यातला पहिला लेखनकरार कसा असावा हेही शिकवते.

आता नोंदणी. पहिल्या अंकासाठी संस्था नोंदवण्याची गरज नाही, आणि मी तर म्हणेन की वर्षभर थांबा, कोण टिकते ते पाहा. महाराष्ट्रात अशा कामासाठी साधारणपणे तीन मार्ग आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास (ट्रस्ट), १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासदांची संस्था, जिची आपल्याकडे न्यास म्हणूनही नोंदणी होते, किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी. पुण्यात धर्मादाय सहआयुक्तांचे कार्यालय असल्यामुळे पहिले दोन मार्ग सोयीचे पडतात. नोंदणीपेक्षा पुढचे पालन जड असते. दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते आणि विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची लेखी नोंद, दाखल करावा लागतो. पुण्यातल्या कितीतरी सांस्कृतिक संस्थांमधले वाद साहित्यावरून झालेले नसून वेळेवर न भरलेल्या चेंज रिपोर्टवरून झालेले आहेत. ज्याला कागद सांभाळण्याची आवड आहे असा एक माणूस, तो कवी नसला तरी चालेल, मंडळात सुरुवातीपासून घ्या.

घटनापत्रातली उद्दिष्टे लिहिताना सनदी लेखापालाला शेजारी बसवा. साहित्यप्रसारासारखे उद्दिष्ट आयकराच्या दृष्टीने ‘सर्वसाधारण सार्वजनिक उपयुक्तता’ या वर्गात धरले गेले, तर विक्री, शुल्क अशा व्यावसायिक स्वरूपाच्या जमा रकमा वर्षाच्या एकूण जमेच्या वीस टक्क्यांपलीकडे गेल्यास त्या वर्षाची करसवलत धोक्यात येते. अंकाची विक्री आणि कार्यशाळांचे शुल्क यांवरच संस्था चालवण्याचा बेत असेल, तर ही मर्यादा आधीच ध्यानात घेतली पाहिजे. देणगीदाराला करसवलत हवी असते, त्यासाठी वेगळी मान्यता घ्यावी लागते, आणि दोन हजारांवरील रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही.

नियतकालिकांच्या नोंदणीचा कायदाही बदलला आहे. १८६७ चा जुना कायदा जाऊन वृत्तपत्र आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि अर्ज आता ‘प्रेस सेवा’ या संकेतस्थळावरून करता येतो. त्यातली नियतकालिकाची व्याख्या ठरावीक अंतराने निघणाऱ्या आणि सार्वजनिक वार्ता किंवा त्यांवरील भाष्य असलेल्या प्रकाशनाची आहे, पुस्तक तिच्यात येत नाही. म्हणून पहिले काही अंक पुस्तकरूपात, अनियतकालिक म्हणून काढा आणि त्यांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, घ्या. तो राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. नियमित अंकाची शिस्त अंगवळणी पडली की वकिलाला विचारून नोंदणीचे पाहा. तुमच्यापैकी एकाचे काका अमेरिकेतून पैसे पाठवायला तयार आहेत असे तुम्ही लिहिले आहे. ते भारतीय नागरिक असतील तर प्रश्न वेगळा आहे, पण त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर परदेशी अंशदान कायदा, २०१० लागू होतो. त्याखालील परवानगीशिवाय ती रक्कम घेता येत नाही, आणि नोंदणीकृत वृत्तपत्राच्या संपादकाला किंवा प्रकाशकाला तर असे अंशदान घेण्यास मनाईच आहे. काकांना प्रेमाने नाही म्हणा.

पैशाबद्दल माझे मत ठाम आहे. ज्यांच्यासाठी पत्रिका काढायची, त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. ‘सहभाग शुल्क’ भरून कविता छापणारे प्रातिनिधिक संग्रह आणि पुरस्कारासाठी प्रवेश फी घेणाऱ्या संस्था यांनी नवोदितांच्या उमेदीचा बाजार मांडला आहे. प्राध्यापकांना बढतीसाठी हवे असलेले लेख पैसे घेऊन छापण्याचा मार्गही तुमच्यासमोर येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य संशोधनपत्रिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद झाली असली तरी ती मागणी संपलेली नाही. एकदा ती वाट धरली की निवडीला काही अर्थ उरत नाही.

मग उरते काय? वर्गणीदार, थोडे देणगीदार आणि कार्यशाळा. दरवर्षी ठरावीक रक्कम देणारे शंभर लोक एका मोठ्या प्रायोजकापेक्षा अधिक भरवशाचे असतात, कारण प्रायोजक कंपनीतला तुमचा ओळखीचा माणूस बदलला की तो निधी थांबतो. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी संस्थेची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि तेथे साहित्यपत्रिकेपेक्षा शाळांतल्या लेखन-चित्र कार्यशाळा अधिक सहज मान्य होतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. ती तुमच्या लेखकांना माहीत करून देणे, अर्ज भरायला मदत करणे, हेही समूहाचे काम माना. आणि मानधन, कितीही लहान असो, पहिल्या अंकापासून द्या, लेखकाला आणि चित्रकाराला सारखे द्या. पाने कमी करावी लागली तरी हरकत नाही.

छपाईचा हिशोब फर्म्यावर चालतो. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणून शहाण्णव पानांचे सहा फर्मे होतात आणि शंभर पाने केली तर चार पानांसाठी वेगळा खर्च पडतो. तीनशेच्या आत प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई स्वस्त पडते, त्यापलीकडे ऑफसेट परवडू लागते, कारण छपाईच्या प्लेटचा खर्च प्रती वाढल्याने वाढत नाही. आप्पा बळवंत चौकाच्या आसपास तीन ठिकाणी दर विचारा आणि कागदाचा नमुना हातात घेऊन पाहा. अक्षरजुळणीत एक धोका कायम असतो. लेखक युनिकोडमध्ये पाठवतात, अनेक जुळणीकार अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांवर काम करतात आणि रूपांतरात ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते. दोन्ही शब्द मराठीत असल्यामुळे कोणतीही तपासणी प्रणाली ते पकडत नाही. म्हणून शेवटचे प्रूफ मूळ लेखनाशेजारी ठेवून, एकाने मोठ्याने वाचून आणि दुसऱ्याने पाहून तपासा, आणि कवितेचे प्रूफ कवीला दाखवल्याशिवाय छपाईला देऊ नका.

अंक निघाल्यावर १९५४ च्या कायद्यानुसार प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि कायद्यातल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवायच्या असतात. त्याबरोबर पुणे नगर वाचन मंदिर, महाराष्ट्र साहित्य परिषद आणि विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय येथेही प्रती द्या. विक्रेत्यांचे कमिशन मोठे असते आणि पैसे उशिरा येतात, त्यामुळे निम्म्याहून अधिक प्रती बैठकांमधून आणि थेट टपालाने जाव्यात असेच नियोजन ठेवा. टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा २०२५ पासून सुरू आहे. तिच्यात तीनशे ग्रॅमपर्यंतचे पाकीट वीस रुपये अधिक करात जाते, मात्र जाहिराती असलेले प्रकाशन चालत नाही. जाहिरात घ्यायची की नाही हे ठरवताना तो फरकही हिशोबात धरा.

पहिला अंक दिवाळीत काढू नका. तेव्हा छापखाने महिनाभर आधीपासून भरलेले असतात आणि वाचनालयांच्या योजनांमध्ये शेकडो अंकांशी तुमची गाठ पडते. फेब्रुवारीअखेर, मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास अंक आणायचा असेल तर साहित्य मागवण्याचे निवेदन सप्टेंबरच्या सुरुवातीला निघाले पाहिजे, महिनाभर साहित्य स्वीकारून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत सर्वांना उत्तरे गेली पाहिजेत आणि जानेवारीचा महिना संपादन, जुळणी व प्रूफांसाठी मोकळा राहिला पाहिजे. निवेदन विद्यापीठातल्या ललित कला केंद्राच्या फलकावर लावा, तसेच अभ्यासिकांच्या दारांवर आणि पिंपरी-चिंचवडच्या वाचनालयांतही लावा, आणि त्यावर उत्तर कोणत्या तारखेपर्यंत मिळेल ते ठळक अक्षरांत छापा.